‘तारा’ लागलेली थ्री-नॉट-थ्री पलटणींच्या हाती कधी आली?

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. गणवेशातला जवान, हातात संगीन लावलेली रायफल आणि मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. आमच्या घरात दोन सैनिक होऊन गेले. पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीतून पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले होते आणि आजोबा १९४० मध्ये बेळगावात भरती झाले. फोटो पणजोबांचा, असे आजी शेवटपर्यंत सांगत होती. माझ्या पुतण्याला ते मान्य नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रायफलीच्या डाव्या बाजूला लांब पल्ल्याच्या शिस्तीची (नेम धरण्याची) तबकडी नाही, म्हणजे ती ‘मार्क तीन तारा’, थ्री-नॉट-थ्रीची नंतरची बनावट आहे. त्या बनावटीला जानेवारी १९१६ मध्ये मान्यता मिळाली, आणि तेव्हा पणजोबा कूतच्या वेढ्यात अडकले होते. सबब फोटो त्यांचा असूच शकत नाही. हे बरोबर आहे काय?

उत्तर : पुतण्याने दिलेली तारीख बरोबर आहे आणि फोटोतल्या रायफलीकडे इतक्या बारकाईने पाहिल्याबद्दल त्याचे कौतुकच केले पाहिजे. चूक पुढे निष्कर्ष काढताना झाली आहे, आणि ती इतकी सर्रास होते की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड मार्क तीन ही रायफल ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारली. तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत आणि पाच-पाच गोळ्या एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपने, म्हणजे चार्जरने, ते भरले जाई. मात्र त्या काळच्या वरिष्ठांना एक धास्ती होती, की जवानाच्या हाती भरलेले मॅगझिन दिले तर तो गोळ्या उधळून मोकळा होईल. म्हणून बोल्टखाली उजव्या अंगाला ‘कट-ऑफ’ नावाची एक चपटी पोलादी पट्टी बसवलेली असे. ती आत ढकलली की मॅगझिनमधली गोळी वर येत नसे. जवानाने एकेक गोळी हाताने भरून झाडायची आणि मॅगझिनमधल्या दहा गोळ्या निर्वाणीच्या क्षणासाठी राखायच्या, असा त्यामागचा विचार होता. दुसरा भाग पुतण्याने म्हटलेल्या तबकडीचा. पुढच्या लाकडाच्या डाव्या बाजूला आकडे कोरलेली तबकडी, तिच्यावर फिरणारा काटा आणि मागे सेफ्टी-कॅचजवळ उभी करता येणारी भोकाची दांडी, अशी ती जोडी होती. तिने १७०० ते २८०० यार्डांवर, म्हणजे दीड मैलाच्याही पलीकडे, साऱ्या पलटणीने मिळून गोळ्यांचा पाऊस पाडावा अशी कल्पना होती.

खंदकांच्या लढाईत या दोन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या. शत्रू शेदोनशे यार्डांवर असताना दीड मैलाची शिस्त कोणी लावायची? शिवाय रायफलींची मागणी अशी वाढली होती की एकेका भागावर जाणारा यंत्राचा वेळ वाचवणे कारखान्यांना भाग होते. जानेवारी १९१६ मध्ये मान्य झालेल्या नव्या बनावटीत कट-ऑफ, डाव्या बाजूची तबकडी आणि बॅकसाईट (नेम धरण्याची मागची पट्टी) वाऱ्यानुसार डावी-उजवीकडे सरकवण्याचा स्क्रू यांना रजा मिळाली. त्याच वर्षी बोल्टच्या शेपटाकडच्या गोल घुंडीच्या जागी चपटी, रेघा पाडलेली घुंडी आली. बदललेल्या बनावटीची खूण म्हणून दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर ‘तीन’च्या आकड्यापुढे एक तारा ठोकला जाऊ लागला. इतिहास या ताऱ्याचा एवढाच आहे.

आता ‘मान्यता’ या शब्दाकडे वळतो. ती कागदावरची तारीख असते आणि तिचा अर्थ इतकाच की आजपासून हा भाग वगळला तरी चालेल. त्या दिवशी सगळ्या कारखान्यांतली यंत्रे बदलली असे झाले नाही. लंडनच्या एलएसए (लंडन स्मॉल आर्म्स) कंपनीने जुनीच बनावट पुढे बराच काळ चालू ठेवली, आणि ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्यात तर कट-ऑफची जुनी मार्क तीन दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतरही तयार होत होती. कारखान्यातून निघालेली रायफल तपासणी, शिक्के, कोठार, आगबोट, बंदरावरचा डेपो असे टप्पे ओलांडत पलटणीच्या शस्त्रागारात पोहोचे. तिथेही जुन्या रायफली परत घेऊन सरसकट नव्या वाटल्या जात नसत. एखादी हरवली, एखादी फुटली, नवी कुमक आली, की तेवढ्यापुरत्या नव्या येत आणि एकाच तुकडीत तीन तऱ्हेच्या रायफली नांदत.

याला अपवाद होते. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जवळच्या जुन्या रायफली घेऊन त्यांना मार्क तीन देण्यात आल्या. कारण फ्रान्समधला सगळा दारूगोळा टोकदार गोळीच्या नव्या मार्क सात काडतुसांचा होता, तर भारतातून आलेल्या रायफलींच्या शिस्ती बोथट गोळीच्या जुन्या मार्क सहासाठी आखलेल्या होत्या. नेम शंभर यार्डांनी चुकला तर हातातली रायफल असून नसल्यासारखी, म्हणून तिथे अदलाबदल काही दिवसांत उरकली गेली. ‘तारा’च्या बाबतीत अशी निकड कुठेच नव्हती. कट-ऑफ असलेली रायफल कट-ऑफ नसलेलीइतकीच चांगली चालत होती आणि त्यामुळे ती बदलण्याची कोणाला घाई नव्हती.

आता पणजोबांकडे येऊ. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १८ व्या ब्रिगेडमध्ये होती आणि या ब्रिगेडचे नावच ‘बेळगाव ब्रिगेड’ होते. आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. याच डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा याही पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला मोठी लढाई झाली आणि डिव्हिजनचे साडेचार हजारांवर जवान मेले किंवा जखमी झाले. उरलेली फौज कूतला मागे आली, ७ डिसेंबरला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती आली. अखेरच्या दिवसांत विमानांतून धान्याची पोती टाकली गेली, पण वेढ्यात नव्या रायफली येण्याचा काही मार्ग नव्हता. इथपर्यंत पुतण्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वेढ्यातल्या जवानाच्या हाती त्या पाच महिन्यांत ताऱ्याची रायफल गेली नाही.

परंतु फोटो वेढ्यात काढलेला नाही, तो स्टुडिओतला आहे. त्यामुळे त्या पाच महिन्यांच्या आधी आणि नंतर काय घडले हे पाहावे लागते. टेसिफॉनच्या जखमींना वेढा पडण्यापूर्वीच बोटींतून नदीमार्गे बसऱ्याकडे पाठवले होते. त्या प्रवासाचे हाल इतके भयंकर होते की पुढे त्यांची चौकशी झाली, पण त्यातून वाचलेले जवान पुन्हा पलटणीत रुजू झाले. कूतला कैद झालेल्यांपैकी जे जिवंत राहिले, ते १९१८ नंतर परत आले आणि त्यांतले काही नोकरीतही राहिले. या दोन्ही वाटांनी तुमच्या पणजोबांच्या हाती ताऱ्याची रायफल येऊ शकत होती. म्हणून ‘जानेवारी १९१६ च्या आधी नाही’ हे वाक्य फोटोच्या तारखेविषयी खरे ठरले, तरी ते फोटोतल्या माणसाविषयी काहीच सांगत नाही.

तबकडी नाही म्हणून रायफल ताऱ्याचीच, हेही गृहीत धरू नये. दुरुस्तीला आलेल्या जुन्या मार्क तीनवरची तबकडी मोडली असेल, तर कारागीर ती काढून टाकत आणि नवी बसवत नसत. कड्यावरचा तारा नंतर रेघ मारून रद्द केलेल्या रायफलीही आढळतात, कारण त्यांना पुन्हा कट-ऑफ बसवले गेले. खरी ओळख उजव्या बाजूला, कट-ऑफच्या खाचेत असते आणि तुमच्या फोटोत ती बाजू दिसत नाही. डाव्या बाजूवरून जेवढे कळते तेवढेच घ्यावे.

तुम्ही पाठवलेली मोठी प्रत भिंगाखाली पाहताना माझे लक्ष रायफलीवरून जवानाच्या छातीकडे गेले. डाव्या खांद्यावरून उजव्या बाजूला आलेला चामडी पट्टा आहे, त्यावर पाच छोट्या खिशांची ओळ आहे आणि वरून तिसऱ्या खिशाचे झाकण उघडे राहिले आहे. हे १९०३ च्या नमुन्याचे बँडोलियर आहे. पहिल्या महायुद्धात भारतीय पायदळ सर्रास हेच बांधत असे. प्रत्येक खिशात दहा, अशा त्यात पन्नास गोळ्या राहत. १९४० मध्ये भरती झालेल्या जवानाच्या छातीवर १९३७ च्या नमुन्याच्या जाड सुती पट्ट्यांचे दोन मोठे चौकोनी पाउच दिसले असते, कारण त्यांत ब्रेनगनची (हलक्या मशीनगनची) मॅगझिन बसावी लागत. म्हणून माझ्या मते फोटो आजोबांचा नाही आणि आजीचे म्हणणे खरे आहे. फक्त तो मेसोपोटेमियाला जाण्याच्या वेळचा नसून तिकडून परतल्यानंतरचा असावा.

याला दुजोरा हवा असेल तर देव्हाऱ्यातली किंवा ट्रंकेतली पदके काढून त्यांची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते (ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ती मागच्या बाजूला असते). तिथे ‘११०’ आढळले, तर पलटणीविषयी शंका उरणार नाही. पदके चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरे आधीच उथळ असतात.

प्रश्न : चिकोडीजवळच्या आमच्या वस्तीवर आजोबांची एक संगीन आहे. पूर्वी तिने उसाचे पाचट काढत असत. पात्यावर १९०७ हे साल आहे, पण लांबी जेमतेम बारा इंच भरते. आजोबा १९४२ मध्ये फौजेत गेले. संगीन पहिल्या महायुद्धाची असून ती गावच्या लोहाराने कापली, असे घरात बोलले जाते.

उत्तर : लोहाराने कापली असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि १९०७ हे संगीन घडवल्याचे साल नाही. ते नमुन्याचे साल आहे. जपानी संगिनीवरून बेतलेला सतरा इंची पात्याचा हा नमुना १९०७ मध्ये ठरला, म्हणून मुकुट आणि राजाच्या आद्याक्षरांखाली सगळ्या संगिनींवर १९०७ उमटवले जाई. घडवल्याचा महिना आणि वर्ष त्याच्या खाली बारीक आकड्यांत असते. पाते स्वच्छ पुसून तिरप्या उजेडात धरा. ‘८’ आणि शेजारी ‘१७’ दिसले, तर ती ऑगस्ट १९१७ ची आहे.

या संगिनीच्या भागांतही असेच बदल झाले. मुठीच्या वरच्या आडव्या पट्टीला सुरुवातीला एक वाकडा आकडा (हूक) होता, तो १९१३ मध्ये काढला गेला. मुठीच्या टोकाला चिखल-माती निघून जावी म्हणून भोक पाडण्याचा निर्णय १९१६ मध्ये झाला. मात्र आकड्याच्या जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की आकडा कापून आणि भोक पाडून परत दिल्या जात. म्हणून आकडा नसलेली आणि भोक असलेली संगीन १९१२ मध्ये घडवलेलीही असू शकते. ज्याचा आकडा शाबूत आहे असा नमुना आज दुर्मिळ झाला आहे.

तुमची संगीन आखूड का, हे तिच्या पन्हळीवरून, म्हणजे पात्यावरच्या लांबट खोलगट खाचेवरून कळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात जुन्या सतरा इंची संगिनी सुमारे बारा इंचांवर कापून त्यांना नवे टोक काढले गेले. जंगलात आणि गाडीत चढताना-उतरताना ते लांब पाते अडचणीचे होत असे. पुढे मुळातच आखूड पात्याच्या नव्या संगिनी इथेच घडवल्या गेल्या आणि त्यांवर पन्हळच ठेवली नाही. तुमच्या पात्यावर पन्हळ असून ती टोकाच्या अगदी जवळ संपत असेल, तर ती सरकारी कारखान्यात कापलेली जुनी संगीन आहे. १९४२ च्या जवानाला ती मिळणे अगदी साहजिक आहे. पाचट काढून काढून धार झिजली असेल, तरी आता नव्याने धार लावू नका.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रांत रायफलीच्या टोकाला खिळ्यासारखी संगीन दिसते. ती मराठा पलटणींना कधी मिळाली? यशवंत घाडगे यांनी इटलीत हीच वापरली काय? (निपाणीचे एक वाचक)

उत्तर : ती खिळासंगीन थ्री-नॉट-थ्रीच्या पुढच्या अवताराची, म्हणजे नंबर ४ रायफलीची आहे, आणि जुन्या रायफलीवर ती बसतच नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की नंबर ४ पलटणींत कधी आली. कागदोपत्री ती नोव्हेंबर १९३९ मध्ये स्वीकारली गेली, पण ती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली १९४१ मध्ये. म्हणून मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर चढलेल्या तिसऱ्या मराठा पलटणीच्या जवानाच्या हाती खिळासंगीन दाखवणारे चित्र कोणी काढले असेल, तर ते चुकीचे आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवरही भारतीय पायदळाने बहुतेक युद्ध जुन्याच रायफलीवर काढले आणि नंबर ४ तिथे अखेरच्या काळात मोठ्या संख्येने दिसू लागली. तिचेच आखूड रूप, ज्याला जंगल कार्बाइन म्हणतात ती नंबर ५, १९४४ मध्ये बनू लागली. त्यामुळे १९४३ च्या कुठल्याही आठवणीत ती आली, तर आठवण सांगणाऱ्याची वर्षे सरमिसळ झाली आहेत असे समजावे.

खिळासंगिनीतही प्रकार आहेत. सगळ्यांत आधीची चार कंगोऱ्यांची होती. ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यात घडली. आपल्या गल्लोगल्लीच्या शिंप्यांकडे ज्या नावाची शिलाई मशीन असते, तेच हे सिंगर. ते कंगोरे कोरायला फार वेळ लागे, म्हणून लवकरच साधी गोल खिळासंगीन आली, आणि चित्रांत दिसते ती बहुधा हीच. रायफलीच्या बॅकसाईटचेही तसेच. आधीची २०० ते १३०० यार्डांपर्यंत स्क्रूने सरकवायची होती. घाईच्या काळात ३०० आणि ६०० यार्डांची दोन भोके असलेली, बोटाने उलटायची साधी पत्ती आली आणि पुढे परत सरकवायच्या शिस्ती बसवल्या गेल्या. म्हणून साधी पत्ती दिसली की रायफल आधीची, असे म्हणता येत नाही.

नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी उत्तर स्पष्ट आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने धाव घेतली, ती बॉम्बने उडवली आणि एकाला टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीला धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या हकिगतीत रायफल नाही आणि संगीनही नाही. शाळेच्या नाटकात त्यांच्या हाती काय द्यावे, असे तुम्ही पुढे विचारले आहे. टॉमीगन द्या.

प्रश्न : संकेश्वरच्या आमच्या नातलगांकडे एक फोटो आहे, ‘१९६२ च्या चीन युद्धातला’ म्हणून. रायफल थ्री-नॉट-थ्रीसारखीच आहे, पण तिचे मॅगझिन चौकोनी आहे. हा फरक कशाचा?

उत्तर : ती थ्री-नॉट-थ्री नाही. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी २-ए नावाची रायफल तयार झाली. तिचे मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचे आहे. पोलिसांकडे आणि होमगार्डकडे ती पुढे कित्येक वर्षे दिसत होती, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ती जुन्याच थ्री-नॉट-थ्रीसारखी वाटते. फोटो १९६२ च्या लढाईतला नाही, नंतरचा आहे. किती नंतरचा, हे बॅकसाईटवरून थोडेफार सांगता येईल. सुरुवातीच्या रायफलींच्या पत्तीवर शेवटचा आकडा २००० आहे आणि नंतरच्या २-ए-१ वर तो ८०० आहे. फोटो भिंगाखाली धरून बोल्टच्या पुढची ती पत्ती किती लांब आहे ते पाहा. लांब असेल तर पहिली, तोकडी असेल तर दुसरी.